फोन गेला असं धरून चला: परदेशी निघण्याआधीची तयारी

पहिल्यांदा परदेशात एकटा फिरत होतो तेव्हाची गोष्ट. भुयारी रेल्वेचा जिना चढून वर आलो, सवयीने खिशात हात घातला, तर फोन नाही. जिन्यावर मागून कुणाचा तरी हलकासा धक्का लागला होता, आणि तो माणूस मोठ्या अदबीने ‘सॉरी’ म्हणून पुढे गेला होता. फोन गेल्याचं दुःख दोनच मिनिटं टिकलं. मग बाकीचं लक्षात यायला लागलं आणि पोटात गोळा आला. हॉटेलचा पत्ता फोनमध्ये, परतीचं तिकीट फोनमध्ये, पैसे भरायची सोय फोनमध्ये. घरच्यांचे नंबरही फोनमध्येच, आणि त्यातला एकही मला पाठ नव्हता. रात्रीचे साडेदहा झालेले. हॉटेलच्या नावात कुठल्याशा संताचं नाव आहे एवढंच आठवत होतं, आणि त्या शहरात संतांच्या नावाची हॉटेलं पैशाला पासरी.

वाचलो ते एका कागदी पाकिटामुळे. खोलीचं चावीकार्ड ज्या पाकिटात घालून दिलं होतं त्यावर पत्ता छापलेला होता, आणि ते जॅकेटच्या आतल्या खिशात राहिलं होतं. तेव्हापासून प्रवासाची तयारी मी एकाच प्रश्नापासून सुरू करतो: रात्री अकरा वाजता, अनोळखी रस्त्यावर, फोन आणि पाकीट दोन्ही गेलेलं असेल तर माझ्याकडे काय उरेल? खालच्या बहुतेक पायऱ्या या प्रश्नातूनच आल्या आहेत.

पायरी १: दोन-तीन महिने आधी पासपोर्ट उघडून बघा

नुसता कपाटात आहे ना, हे बघून भागत नाही. उघडून तारीख वाचा. प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट वैध हवा, असा बऱ्याच देशांचा नियम आहे. शेंगेन देशांमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) हिशेब वेगळा: तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैधता शिल्लक हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. कोरी पानंही मोजा, दोन तरी असू द्या. मुदत चार महिन्यांनी संपणार असेल तर व्हिसा हातात असूनही विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवू शकते.

त्याच बैठकीत लशींचं बघा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतले काही देश पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. काही देश तर तशा भागातून आलेल्या कुणाकडेही ते मागतात, मग तुम्ही तिथे फक्त विमान बदलायला काही तास थांबलेले असलात तरी. हे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून ते जन्मभरासाठी धरलं जातं, तेव्हा आधी घेतली असेल तर जुनं पिवळं पुस्तक शोधून काढा. बाकीच्या लशी आणि हिवतापाच्या गोळ्या यासाठी चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही लशींचे डोस अंतराने घ्यावे लागतात.

पायरी २: औषधं

हा विषय लोक हमखास विसरतात आणि विमानतळावर अडकतात. तुमच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं साधं औषध दुसऱ्या देशात अमली पदार्थांच्या यादीत असू शकतं. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामीन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे आणि आधी परवानगी घ्यावी लागते. सिंगापूर आणि थायलंडमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे. ते औषध नाही, पण बॅगेत त्याच कप्प्यात पडलेलं असतं म्हणून सांगितलं.

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. जागा वाचावी म्हणून आठवड्याच्या डबीत सुट्ट्या भरल्या की त्या कसल्या आहेत हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, तुम्हालाही नाही. डॉक्टरांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात औषधाचं कंपनीचं नाव नको, रासायनिक नाव हवं, कारण कंपनीची नावं देशागणिक बदलतात. रोज लागणारी औषधं हातातल्या बॅगेत घ्या आणि ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्तीची ठेवा. चष्मा लागत असेल तर नंबरही लिहून ठेवा.

पायरी ३: विमा, आणि त्यातली बारीक अक्षरं

प्रवास विमा बहुतेकजण व्हिसासाठी काढतात आणि कागद न वाचता घडी घालून ठेवतात. शेंगेन व्हिसासाठी वैद्यकीय खर्चाचं किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, पण ती व्हिसाची अट आहे. तुमची गरज तेवढीच असेल असं नाही. रुग्णालय महाग असलेल्या देशात जाणार असाल तर आकडा वाढवा.

कागद हातात आला की चार गोष्टी शोधा. पहिली, आधीपासून असलेले आजार. रक्तदाब, मधुमेह, दमा, जे असेल ते अर्जात लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेल्या आजाराशी दावा जोडला गेला की कंपनी हात वर करते, आणि तेव्हा तिचं चुकतं असंही म्हणता येत नाही. दुसरी, गंभीर आजारी माणसाला चांगल्या रुग्णालयात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च त्यात आहे का. बाकी सगळं सोसता येईल, पण डॉक्टरसह विमानाने हलवायची वेळ आली तर आयुष्यभराची बचत संपू शकते. तिसरी, साहसी खेळ: समुद्राखाली डुबकी, बर्फावर घसरणं, उंचावरचं गिर्यारोहण यांसाठी बहुधा वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

चौथी गोष्ट म्हणजे भाड्याची दुचाकी, आणि इथे जरा थांबतो. बेटांवर, समुद्रकिनारी गावांत स्कूटर भाड्याने देणारे परवाना मागतही नाहीत; पासपोर्ट ठेवा आणि किल्ली घ्या, एवढाच व्यवहार. (पासपोर्ट तर कुणाकडेच गहाण ठेवू नका. रोख अनामत द्या, नाहीतर दुसरं दुकान बघा.) पण घसरून पडलात की विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो, त्या वर्गाच्या वाहनाचा परवाना होता का, हेल्मेट होतं का, दारू घेतली होती का. एकाही उत्तरात गडबड असेल तर हाडं जोडायचा खर्च स्वतःच्या खिशातून. परदेशात गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघायच्या आधी आपल्याच देशात काढून घ्या. त्यातही १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा असे वेगळे नमुने असतात. जिथे जाताय तो देश कुठला मानतो ते बघा. जपानला पहिला लागतो, दुसरा चालत नाही.

विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर कागदावर लिहून घ्या. जीवावरचं संकट नसेल तर रुग्णालयात भरती होण्याआधी तिथे फोन करा, कारण बऱ्याच कंपन्या कुठे जायचं ते सांगतात आणि पैसे परस्पर भरतात. न विचारता गेलात तर आधी पदरचे भरा आणि मग महिनोन्‌महिने मागे लागा.

पायरी ४: सगळं दोन ठिकाणी

कागदपत्रांचं बघू. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, विमा आणि तिकीट यांच्या झेरॉक्स दोन संच काढा. एक बॅगेत पासपोर्टपासून लांब, दुसरा घरी विश्वासाच्या माणसाकडे. त्याच गोष्टींचे फोटो स्वतःला ईमेल करा. पासपोर्ट आकाराचे दोन-चार फोटो सोबत ठेवा, पासपोर्ट हरवला तर दूतावासात पहिल्यांदा तेच मागतात.

पैसे: दोन कार्डं, शक्यतो दोन बँकांची, आणि दोन्ही एका पाकिटात कधीही नाहीत. एक अंगावर, एक खोलीतल्या बॅगेत. थोडी रोकड तिसऱ्याच ठिकाणी, मोज्याच्या जोडीत ठेवा नाहीतर औषधांच्या पिशवीत. कार्ड बंद करायचा नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो आणि कार्डासोबतच चोरीला जातो, म्हणून तोही वेगळा लिहून ठेवा.

आता सगळ्यात चिवट गाठ: ओटीपी. फोन गेला म्हणून तुम्ही मित्राच्या फोनवरून ईमेल उघडायला जाता. ईमेल म्हणतं, तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय. तो नंबर चोराच्या खिशात. बँकेचंही तेच, विमान कंपनीचंही तेच. म्हणजे कागदपत्रांचे फोटो तुम्ही इमानदारीने ईमेलमध्ये ठेवलेत, पण त्या ईमेलची किल्ली हरवलेल्या फोनमध्येच आहे. यावर उपाय घरून निघायच्या आधीच करता येतो. ईमेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन एकदाच वापरायचे बॅकअप कोड काढा, ते कागदावर लिहा आणि पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर ठेवा. मग घरातल्याच दुसऱ्या यंत्रावरून, फोनला हात न लावता, ईमेल उघडून बघा. उघडलं नाही तर ते घरबसल्या कळलेलं बरं.

फोनचंही थोडं करायचं आहे. कुलूप लावलेल्या पडद्यावरही दिसेल अशी वैद्यकीय माहिती आणि तातडीच्या संपर्काचा नंबर भरा. फोन शोधायची सोय सुरू करा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसतो, तो लिहून घ्या. पोलिसात तक्रार देताना लागतो. नकाशे आणि भाषांतराची भाषा ऑफलाइन उतरवून घ्या. हॉटेलच्या वायफायची भीती मात्र मला थोडी अतिरंजित वाटते. बँकांच्या अ‍ॅपमधली देवाणघेवाण आज सांकेतिक रूपातच होते, आणि फोन नजरेआड ठेवून उठून जाणं त्याहून कितीतरी धोक्याचं.

पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायची नाही, हातातच ठेवायची. मर्यादा १०० वॅट-अवरची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप). नुसते मिलिअँपिअर-अवर (mAh) लिहिले असतील तर त्यांना ३.७ ने गुणून हजाराने भागा: २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची होते, म्हणजे चालते. विमानाच्या दारात जागा नाही म्हणून हातातली बॅग खाली पाठवली तर आधी त्यातून पॉवर बँक काढून घ्या.

पायरी ५: एक चिठ्ठी

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर हाताने लिहा: मुक्कामाचं नाव आणि पत्ता, तिथल्या लिपीतसुद्धा, घरच्या दोघांचे नंबर, देशाच्या कोडसकट, आपल्या दूतावासाचा नंबर, विम्याचा नंबर, रक्तगट आणि अ‍ॅलर्जी. पासपोर्ट क्रमांक लिहू नका. ही चिठ्ठी पाकिटात ठेवायची नाही, अंगावरच्या कपड्याच्या खिशात ठेवायची. एक नंबर तरी पाठ करा. मला अजून पाठ करायला कंटाळा येतो, पण करतो.

याच कागदाच्या मागे त्या देशाचे तातडीचे क्रमांक. युरोपीय संघात सगळीकडे ११२. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. जपानमध्ये पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमनासाठी ११९. सिंगापुरात पोलीस ९९९, पण रुग्णवाहिका ९९५. थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५.

घरच्या एका माणसाला तारीखवार कार्यक्रम द्या आणि त्याच्याशी साधा करार करा: रोज अमुक वेळेपर्यंत निरोप नाही आला तर इतके तास थांबायचं, मग हॉटेलला, मग दूतावासाला फोन. हे ठरलेलं नसलं की घरचे एकतर तासाभरात घाबरतात नाहीतर तीन दिवस गप्प बसतात. आपल्या सरकारची परदेशी गेलेल्या नागरिकांसाठी नोंदणीची सोय असेल तर नाव नोंदवा. भूकंप, दंगल, अचानक बंद पडलेला विमानतळ अशा वेळी दूतावास त्या यादीवरूनच लोकांना शोधतो. आणि बोर्डिंग पासचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. बुकिंग क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर तुमचं तिकीट कुणालाही उघडता येतं.

पायरी ६: उतरल्यावरचे पहिले काही तास

झोप झालेली नसते, हातात सामान असतं, भाषा कळत नाही. फसवणारे याच वेळेची वाट बघत असतात. विमानतळावरून मुक्कामी कसं जायचं हे घरूनच ठरवून ठेवा, आणि पहिल्या दिवशी शक्यतो उजेडी पोहोचेल असं विमान घ्या. गाडी बोलावली असेल तर नंबरप्लेट जुळवा, आणि चालकाला आपलं नाव सांगण्याऐवजी ‘कुणाला घ्यायला आलात?’ असं विचारा.

खोलीत शिरल्यावर बॅग टाकून पलंगावर पडायच्या आधी एक काम. दारातून बाहेर या आणि आगीच्या वेळचा जिना कुठे आहे तिथपर्यंत चालत जा. जाताना मधली दारं मोजा, मनात नव्हे, भिंतीला हात लावून. धुरात दिवे दिसत नाहीत, बाणही दिसत नाहीत. गुडघ्यावर रांगत ‘डावीकडे पाचवं दार’ एवढंच कामी येतं. हे करताना एखादा शेजारी विचित्र नजरेने बघेल, बघू दे. जिन्याचं दार खरंच उघडतं का तेही ढकलून बघा. मला एकदा त्यामागे जुन्या गाद्यांची थप्पी सापडली होती. खोली बदलून घेतली.

तिजोरीत पासपोर्ट ठेवलात तर सोबत एक बूट ठेवा. अनवाणी विमानतळावर कुणी जात नाही.

पायरी ७: रस्त्यावर आणि पाण्यात

परदेशी जायचं म्हटलं की डोळ्यापुढे बॉम्ब आणि अपहरण येतं. प्रत्यक्षात पर्यटकांचा घात बहुतेक वेळा रस्ता आणि पाणी करतात. वाहतूक उलट बाजूने असेल तर रस्ता ओलांडताना मान सवयीने चुकीच्या बाजूला वळते. लंडनमध्ये तर पादचाऱ्यांच्या पायाखाली ‘उजवीकडे बघा’ असं रंगवून ठेवलंय, ते उगाच नाही. पहिले दोन दिवस दोन्हीकडे दोनदा बघा.

समुद्रकिनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे रोवले असतील तर त्यांच्या मधल्याच पट्ट्यात उतरा, जीवरक्षकांची नजर तिथेच असते. लाल झेंडा धोक्याचा, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे दंश करणारे समुद्री जीव. पाण्याची ओढ आत नेतेय असं वाटलं तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडा आणि मग वळा. ते जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

खोटे पोलीस हा जुना धंदा आहे. साध्या वेशातला माणूस ओळखपत्र झटकन दाखवतो आणि खोट्या नोटा शोधायच्या म्हणून पाकीट मागतो. पाकीट द्यायचं नाही. ‘ठाण्यावर जाऊ, तिथे दाखवतो’ असं शांतपणे म्हणायचं. पण समोर चाकू आला तर यातलं काहीच करायचं नाही, मागेल ते देऊन टाकायचं. दुसरं कार्ड खोलीत आहे हे माहीत असलं की देणं सोपं जातं.

दारू पिणाऱ्यांसाठी: फुकटचे प्याले आणि बिनसीलच्या बाटल्या नकोत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग इथे मिथेनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी पर्यटक दगावले. ही विषबाधा सुरुवातीला साध्या नशेसारखीच भासते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नजर धूसर झाली, बर्फात बघतोय असं वाटलं, तर झोपून उतरेल म्हणू नका. थेट रुग्णालय गाठा.

कुत्रा, माकड, वटवाघूळ यांनी चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. ‘घरी गेल्यावर बघू’ हे इथे चालत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो.

पायरी ८: पासपोर्ट गेला, किंवा पोलिसांनी अडकवलं

पासपोर्ट हरवला तर क्रम असा: पोलीस तक्रार आणि तिची प्रत, मग दूतावास किंवा वकिलात (आपल्या देशाचं तिथल्या दुसऱ्या शहरातलं कार्यालय). तिथे झेरॉक्स आणि फोटो दाखवले की काम लवकर होतं. तातडीने परत यायला लागणारा तात्पुरता कागद मिळतो. एकदा हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट इंटरपोलच्या हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो. दोन दिवसांनी तो कोटाच्या अस्तरात सापडला म्हणून त्यावर प्रवास करायला जाऊ नका, सीमेवर अडकाल.

अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना वकिलाती कराराच्या ३६ व्या कलमानुसार आपल्या देशाच्या वकिलातीला कळवावं अशी मागणी करायचा हक्क तुम्हाला आहे. ती मागणी स्पष्ट शब्दांत, परत परत करा, आणि भाषा कळत नसलेल्या कागदावर सही करू नका. मात्र अपेक्षा नीट ठेवा. वकिलातीची माणसं भेटायला येतील, वकिलांची यादी देतील, घरी कळवतील. ती तुम्हाला सोडवू शकत नाहीत, दंड किंवा रुग्णालयाचं बिल सहसा भरत नाहीत, आणि तिथला कायदा तुमच्यासाठी वाकत नाही.

पायरी ९: परत आल्यावर

कार्डांचे व्यवहार महिनाभर तपासत राहा. आणि हिवतापाच्या भागात जाऊन आला असाल तर पुढचे काही महिने, कधी वर्षभरसुद्धा, ताप आला की डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी अमुक देशात होतो’ हेच सांगा. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नका, आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.